निकाल लागल्यानंतरची रात्र

मुंबईची भुयारी मेट्रो आरेपासून थेट कफ परेडपर्यंत धावू लागली आणि आमच्या घरातला एक जुना वाद पुन्हा उकरला गेला. एका बाजूला माझी लेक, दुसऱ्या बाजूला माझे थोरले दीर. दीर दिवाणी न्यायालयातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाले. हुकूम म्हणजे हुकूम. लेक ४ ऑक्टोबर २०१९ च्या रात्री, याच मेट्रोच्या कारशेडसाठी झाडं तोडली जात असताना, आरेच्या बॅरिकेडपाशी उभी होती. कॉलेजचं दुसरं वर्ष आणि आयुष्यातलं पहिलं आंदोलन. त्यांचं बोलणं जमेल तसं उतरवून काढलं आहे. एकमेकांवर ओरडण्याचा भाग गाळला आहे.

काका : त्या दिवशी उच्च न्यायालयानं झाडतोडीविरुद्धच्या याचिका फेटाळल्या आणि रात्री तू तिथे गेलीस. निकाल वाचला होतास?

लेक : नाही.

काका : म्हणजे न वाचलेल्या निकालाविरुद्ध घोषणा दिल्यास.

लेक : करवती चालवणाऱ्यांनी तरी कुठे वाचला होता? पाळायचा तर वाचावा लागत नाही, विरोध करायचा तर वाचायला हवा, असं का?

काका : असंच. पाळणारा न्यायालयाच्या बुद्धीवर विसंबतो. विरोध करणारा स्वतःच्या. मग ती वापरायला नको?

लेक : नंतर वाचला मी. आरे हे वन आहे का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालय आणि हरित लवादापुढे आहे म्हणून उच्च न्यायालयानं त्यात हात घातला नाही. म्हणजे मुख्य प्रश्न उघडाच होता. महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणानं ऑगस्टअखेर २,१८५ झाडं तोडायला आणि ४६१ दुसरीकडे लावायला मान्यता दिली होती. शुक्रवारी निकाल आला, त्याच रात्री करवती सुरू. सोमवारी सर्वोच्च न्यायालयानं थांबायला सांगितलं, तोवर २,१४१ आडवी झाली होती. अपिलाला वाव कुठे ठेवला?

काका : अपील करता येतं म्हणून अंमलबजावणी आपोआप थांबत नसते. स्थगिती मागावी लागते. जन्मभर पक्षकारांना हेच समजावत आलो.

लेक : आणि घर पाडायचा हुकूम असला की? तेव्हा न्यायाधीश स्वतःच चार आठवडे देतात की नाही?

काका : देतात पुष्कळदा. वकिलानं मागितले तर.

लेक : का देतात? पाडलेलं घर वरच्या कोर्टाच्या निकालानं उभं राहत नाही म्हणून. मग झाड राहतं का?

काका : हे मान्य. पण पुढे बघ. हरलेला पक्ष रस्त्यावर आला की तो स्वतःला नेहमीच न्यायाच्या बाजूचा मानतो. १९९२ साली अयोध्येत मशिदीचं रक्षण करू, अशी हमी राज्य सरकारनं सर्वोच्च न्यायालयाला दिली होती. तिचं काय झालं? मशीद पाडणारा जमावही म्हणत होता, आमचा प्रश्न कोर्टाच्या वरचा आहे. तुझी गर्दी चांगली आणि त्यांची वाईट, हे ठरवायचं कुणी?

लेक : ठरवायला कशाला हवं? ते मोडायला आले होते, आम्ही मोडतोड थांबवायला. आमचं चुकलं असतं तर दुसऱ्या दिवशी झाडं तोडता आली असती. त्यांचं चुकलं ते कुणाला दुरुस्त करता आलं?

(इथे दीर गप्प झाले. मला वाटलं, मुलगी जिंकली. पण कोर्टात आयुष्य घालवलेल्या माणसाचं मौन हे कबुलीजबाब नसतं.)

काका : थांबवण्याचीही किंमत असते. विरार लोकलला दारात लटकणारा पडला, तर त्याला कोणतं अपील परत आणतं? मेट्रो जितकी लांबली तितके दिवस माणसं लटकत राहिली. तुम्ही रोखलेल्या दिवसांचा हिशेब तुमच्या वहीत नाही.

लेक : आमचा विरोध मेट्रोला नव्हता, कारशेडच्या जागेला होता.

काका : माहीत आहे. आणि आता त्याच मेट्रोच्या गार डब्यात बसून ऑफिसला जातेस.

लेक : जाते. का जाऊ नये? आरेतल्या प्रजापूर पाड्यातली वारली कुटुंबं या मेट्रोसाठी उठवून चकाल्याला नेली, त्यांनी मेट्रोत बसायचं नाही का?

(हे उत्तर मला पटलं नाही. उठवले गेलेले आणि घोषणा देऊन रात्री घरी परतलेले यांना एका पंगतीत बसवता येत नाही. मी तसं म्हटलं. लेकीनं माझ्याकडे पाहिलंही नाही.)

लेक : तुमचं सांगा. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांच्या १९७७-७८ च्या संपात तुम्ही ५४ दिवस घरी होतात. कोर्टाची कामं अडली नाहीत? तारखा पडल्या नाहीत? कैदी आत कुजले नाहीत?

काका : कुजले असतील. पण आमचा पगार कापला जात होता. तुझी आजी गहू उसने आणत होती. दुसऱ्याला त्रास देण्याआधी स्वतःच्या खिशात हात घातला होता. तू काय घातलंस?

लेक : त्या रात्री काहीच नाही. पण २९ जणांना अटक झाली. कुणाची परीक्षा होती, कुणाची नोकरी.

काका : आणि झाडं तोडणं थांबवलं कशानं? कायद्याच्या विद्यार्थ्यांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं, त्यावर दसऱ्याच्या सुट्टीत खंडपीठ बसलं. ओरडण्यानं नाही, अर्जानं.

लेक : त्या पत्रात काय होतं? आमचे मित्र कोठडीत आहेत, हे होतं. बॅरिकेडपाशी कुणी गेलंच नसतं तर पत्रात लिहिलं काय असतं? सुट्टीच्या दिवशी कोर्ट उघडायला काही कारण लागतं ना?

काका : लागतं. प्राधिकरणानं हरकती मागवल्या होत्या, तेव्हा तू लिहून दिली होतीस?

लेक : प्राधिकरण नावाचं काही असतं, हेच त्या रात्री कळलं. शेजारी एक बाई उभ्या होत्या. झाडांवर नोटीस कुठे लावतात, हरकत किती दिवसांत द्यायची, सुनावणी कुठे होते, सगळं त्यांनी मला तिथे उभ्याउभ्या सांगितलं. चौदा वर्षं शाळा-कॉलेजात गेले, नागरिकशास्त्राच्या पुस्तकात यातलं एक अक्षर नव्हतं. तुम्ही म्हणता, आधी अर्ज, मग रस्ता. मला अर्जाचा पत्ता रस्त्यावरच मिळाला.

काका : मग हा वाद आपला नाही, पाठ्यपुस्तक मंडळाचा आहे.

लेक : विषय बदलू नका.

काका : बरं, नाही बदलत. अटक झालेल्यांना जामीन मिळाला तो या अटीवर, की पुन्हा आंदोलनात भाग घेणार नाही. तू त्यांच्यात असतीस तर सही केली असतीस?

लेक : केली असती.

काका : आणि तीन वर्षांनी, २०२२ मध्ये, मधे कांजूरला हलवायचं ठरलेलं कारशेड परत आरेत आणायचं ठरलं, तेव्हा? सही पाळली असतीस?

लेक : खटला संपला असता तर सही संपली.

काका : संपला नसता तर?

लेक : तर नसती पाळली. आणि जामीन रद्द करायला आले असते तर पळालेही नसते. तुमचा पगार, तसं माझं ते.

काका : सही करतानाच हे ठाऊक असतं तर ती सही खोटी.

लेक : सही करताना कोण इतकं पुढचं बघतं, काका? एकोणीस वर्षांची होते मी.

काका : वय सांगू नकोस. मी तेव्हा बावीसचा होतो आणि संपाची नोटीस तीनदा वाचून मग सही केली होती.