समोरचा आपल्यासारखाच असला तर

इस्लापूरला आमच्या मावसभावाचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. इशाची नमाज झाली, शेवटचं गिऱ्हाईक गेलं, की तो शटर अर्धं खाली ओढतो आणि काउंटरवरचे स्क्रू, बॅटऱ्या बाजूला सारून लॅपटॉप उघडतो. आम्ही घरून आमचा घेऊन जातो. दोन्ही लॅपटॉप एकाच मोबाईलच्या नेटवर जोडले जातात आणि पुढचा तासभर आम्ही एकमेकांची गावं उद्ध्वस्त करतो. दोघंही पस्तिशीच्या आसपासचे, एक उर्दू शाळेचा मास्तर, दुसरा दुकानदार. घरची माणसं हसतात. हसू द्यावीत.

खेळाचं नाव 'एज ऑफ एम्पायर्स', त्याचा दुसरा भाग. तो १९९९ साली आला. नांदेडला बी.एड. करताना देगलूर नाक्याजवळच्या भाड्याच्या खोलीत एका जुन्या कॉम्प्युटरवर आम्हा दोघांना त्याची चटक लागली. २०१९ मध्ये त्याची नवी आवृत्ती निघाली आणि सुटलेली सवय परत जडली. बुद्धिबळात आधी तुमची पाळी, मग आमची. इथे पाळी नसते. दोघंही एकाच वेळी, घड्याळ न थांबता खेळत असतात. सुरुवातीला प्रत्येकाच्या हाती एक चावडीसारखी इमारत, तीन कामकरी आणि एक घोडेस्वार. कोठारात २०० अन्न, २०० लाकूड, १०० सोनं, २०० दगड. एवढ्यावर गाव वसवायचं, माणसं वाढवायची, फौज उभारायची. भोवतालचा सगळा मुलूख अंधारात असतो. घोडेस्वार जिथवर जाईल तिथवरच उजेड पडतो.

कुणी म्हणेल, मास्तरानं यात वेळ घालवावा का? प्रश्न रास्त आहे, आणि आपल्याकडे तो जुनाही आहे. शतरंजवर फिकहच्या इमामांनी बरीच चर्चा केली आहे. हनफी मत कडक आहे. इमाम शाफईंनी मात्र त्यात जुगार नसेल आणि नमाज चुकत नसेल तर तो हराम ठरवला नाही, नापसंत तेवढा केला. आम्ही हनफी असून या बाबतीत शाफईंच्या ओसरीवर जाऊन बसतो हे कबूल करतो. आज सांगायचं आहे ते वेगळंच आहे.

या खेळात कितीतरी कौमा आहेत : तुर्क, मंगोल, इराणी, इंग्रज. प्रत्येकीचं बळ वेगळं आणि उणीवही वेगळी. हरलेला म्हणतो, तुझ्या मंगोलांचे शिकारी भराभर काम करतात, म्हणून तू जिंकलास. आणि ते पुष्कळदा खरंही असतं. पण दोघांनीही एकच कौम घेतली तर? अशा डावाला खेळणारे 'मिरर' म्हणतात, म्हणजे आरशातला डाव. कोठार तेच, माणसं तीच, हत्यारं तीच. आम्ही दोघंही बहुधा सारासेन घेतो. मध्ययुगात युरोपातले लोक अरबांना, पुढे एकंदर मुसलमानांनाच, ज्या नावानं ओळखत तेच हे नाव. म्हणजे आमच्या दुकानात रोज रात्री मुसलमान मुसलमानांशी लढतात. इतिहासात हे नवं नाही.

या आरशातल्या डावात आम्ही सलग हरत होतो. एक-दोनदा नव्हे, महिनोन्महिने. आणि हरलं की तोंड लपवायला जागा नसे. त्याच्या तीरंदाजाकडे जे होतं ते आमच्याकडेही होतं. मग फरक आला कुठून?

नव्या आवृत्तीत खेळलेला डाव साठवून पुन्हा पाहता येतो. त्यानं एका रात्री तो लावला आणि आमच्या गावावर बोट ठेवलं. "यां क्या कर रा था तू?" आमची चावडी रिकामी उभी होती. एक कामकरी तयार व्हायला खेळातले २५ सेकंद लागतात. आम्ही कुठे लढाईत गुंतलो, कुठे घराला लाकूड कमी पडलं, अशा दहा-वीस सेकंदांच्या चुका जमत जाऊन पहिल्या पंधरा मिनिटांत चावडी दोन मिनिटं बसून होती. दोन मिनिटं म्हणजे जवळजवळ पाच माणसं कमी. पाच माणसं म्हणजे पुढे दोन तीरंदाज कमी.

दोनच ना? इथे आम्हाला आपलं गणित आठवलं. लँचेस्टर नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं १९१६ साली विमानांच्या लढाईवर लिहिताना एक हिशेब मांडला होता. लांबून मारा करणाऱ्या दोन सारख्या फौजा उघड्यावर भिडल्या तर त्यांचं बळ संख्येच्या वर्गानं मोजावं. दहा तीरंदाज आणि आठ तीरंदाज. दहाचा वर्ग शंभर, आठाचा चौसष्ट, वजाबाकी छत्तीस आणि त्याचं वर्गमूळ सहा. म्हणजे आठच्या आठ मरतात आणि दहांतले सहा उभे राहतात. दोनाचा फरक शेवटी सहाचा होतो. ते सहा मग आमच्या शेतात शिरतात, आणि पुढचं काही विचारू नका. जिंकणाऱ्याला वाटतं आपण सहापट शूर आहोत. हरणाऱ्यालाही तसंच वाटतं. खरं तर कुणीतरी कधीतरी दोन मिनिटं थांबलेला असतो.

आम्ही चावडीकडे लक्ष ठेवायला शिकलो. रिकामा वेळ कमी झाला. तरी हरत होतो. आता कारण दुसरं होतं आणि ते समजायला जास्त दिवस लागले, कारण ते आमच्या गावात नव्हतंच.

आम्ही घोडेस्वार पाठवत नव्हतो. पाठवत असू, पण आपल्या गावाभोवती दोन फेऱ्या मारून उभा करत असू. वेगळी कौम असती तर उत्सुकतेनं धाडला असता. हा तर आपल्यासारखाच! आपण तीरंदाज बनवतोय म्हणजे तोही बनवत असणार. आपण सतराव्या मिनिटाला किल्ला बांधणार, तर तोही तेव्हाच बांधणार. अंधारात आम्हाला तो दिसत नव्हता, आम्हीच आम्हाला दिसत होतो. आणि तो काय करत होता? सारासेनांना बाजारात एक सवलत आहे. इतरांनी माल विकला की ३० टक्के दलाली कापली जाते, सारासेनांची फक्त ५ टक्के. आम्हाला ही सवलत पाठ होती, कधी वापरली नव्हती. तो मात्र आपले दगड बाजारात विकून सोनं आणि अन्न घ्यायचा आणि आमच्या कितीतरी आधी पुढच्या युगात पोचायचा. दुकानदार तो. आम्ही मास्तर, दगड जपून ठेवत होतो. साधनं सारखी म्हणून माणूसही सारखा, असं आम्ही धरून चाललो होतो.

हा खेळ जिथे पोटापाण्याचा झाला आहे तिथेही हे दिसतं म्हणतात. १९९८ चा 'स्टारक्राफ्ट' दक्षिण कोरियात टीव्हीवर क्रिकेटसारखा पाहिला गेला, आणि २०१८ च्या जकार्ता आशियाई खेळांत त्याचा दुसरा भाग प्रात्यक्षिक म्हणून ठेवला होता. त्यात तीनच जमाती. माणसांची फौज माणसांवर गेली तर तोफांच्या रांगा तासभर एकमेकींकडे बघत उभ्या राहू शकतात. किड्यांसारखी जमात आपल्याच जातीवर गेली तर डाव काही मिनिटांत मिटतो. आरसा तोच, पण त्यातली प्रत्येक लढाई निराळी. आपल्या महाराष्ट्रात खाडिलकर भगिनींचं उदाहरण आहे. महिलांची राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धा १९७४ मध्ये सुरू झाली. ती वासंती जिंकल्या, मग जयश्री, मग रोहिणी, आणि पहिलं दशक अजिंक्यपद या एकाच घरात फिरत राहिलं. एक घर, एक बाप, एकच पट. तरी विजेती दरवर्षी तीच राहिली नाही.

आता खेळाबाहेरची गोष्ट. ती सांगावी की नाही यावर बरेच दिवस घातले. मावसभावाला विचारलं, तो म्हणाला लिही.

२०१७ च्या डिसेंबरात शिक्षक भरतीसाठी अभियोग्यता चाचणी झाली. दोनशे गुण. आम्ही दोघांनी दिली. आम्हाला त्याच्यापेक्षा सहा गुण जास्त पडले, पुढे आमचं नाव यादीत आलं, त्याचं नाही. आम्ही आज मास्तर आहोत आणि तो मोबाईलचे डिस्प्ले बदलतो, यात मधे फक्त ते सहा गुण आहेत. गाव एक, मोहल्ला एक, कॉलेज एक. पुस्तकांचा संचही दोघांत एकच होता. याहून सारखा डाव कुठला? कुणी विचारलं तर आम्ही नम्रपणे सांगत असू, अल्लाहची मेहरबानी आणि थोडी मेहनत. 'थोडी मेहनत' म्हणताना आवाज किंचित जड व्हायचा, हे आता आठवतं.

त्या वर्षी खालूंना अर्धांगवायूचा झटका आला होता हे आम्हाला ठाऊक होतं. भेटायलाही गेलो होतो. पण त्यापायी तो रोज दवाखान्यात रात्र काढतो, सकाळी दुकान उघडतो, आणि एकच संच असल्यामुळे पुस्तकं दिवसभर आमच्याकडे पडून राहतात, हा हिशेब आम्ही कधी जोडला नाही. त्यानं सांगितलं नाही. आम्ही विचारलं नाही. विचारायचं काय, तो तर आपल्यासारखाच! चाचणीनं दोघांना एकच पेपर दिला, एकच वेळ दिली. पण खेळ सुरू होताना कोठारात २०० अन्न दोघांकडे असतं, तशी खात्री कुठलीच चाचणी देत नाही. आम्ही मात्र ती गृहीत धरली, कारण तसं धरण्यात आमचा फायदा होता.

हसदबद्दल आपण फार ऐकतो. इमाम गजालींनी 'एह्या'मध्ये एक बारीक गोष्ट टिपली आहे, ती आम्हाला आता अधिक पटते. त्यांचं म्हणणं असं की आलिम जळतो तो आलिमावर, व्यापारी व्यापाऱ्यावर, मोची मोच्यावर. मोची कापडवाल्यावर जळत नाही. नऊशे वर्षं झाली, इस्लापूरच्या बाजारात आजही तसंच आहे. मुंबईतल्या कोट्यधीशाचं आपल्याला काही वाटत नाही, शेजारच्या घरावर दुसरा मजला चढला की झोप उडते. हाबील-काबील सख्खे भाऊ होते, यूसुफ (अ.) यांना विहिरीत टाकणारेही भाऊच. जवळीक असली की तुलना सोपी होते. आम्हाला यात एवढंच जोडावंसं वाटतं की हसद करणारा आणि जिंकून फुगणारा, दोघंही एकाच जागी चुकतात. दोघंही समोरच्याचा निकाल बघतात, त्याचं गाव बघत नाहीत. मावसभावानं आमच्यावर हसद केली असती तर त्याला दोष देता आला नसता. त्यानं केली नाही. फुगलो ते आम्ही.

या जागी समाजाबद्दलही बोलावं लागतं. सच्चर समितीचा अहवाल २००६ साली आला तेव्हा आम्ही विद्यार्थी होतो. नंतर मोठेपणी त्यातले आकडे कितीतरी सभांत ऐकले, स्वतःही सांगितले. 'सुरुवात सारखी नसेल तर शर्यत सारखी कशी?' हा सवाल आपण सरकारला विचारतो आणि तो विचारलाच पाहिजे. पण घराच्या उंबऱ्याच्या आत हाच सवाल आपल्याला सुचत नाही. आमची बहीण आमच्याच शाळेत, आमच्याच बाकांवर शिकली. दहावीला तिला आमच्यापेक्षा कमी गुण पडले आणि घरात ठरलं की हिचं डोकं शिक्षणात नाही. पहाटे हंडे कोण भरत होतं, आम्ही दिव्याजवळ बसलेलो असताना भाकरी कोण थापत होतं, हे त्याच घरात सगळ्यांना दिसत होतं. गुणपत्रिका बघताना कुणाला आठवलं नाही. आम्हालाही नाही. तिचं शिक्षण तिथं थांबलं. तिच्या बाबतीत आता काही करता येत नाही, आणि 'तेव्हा तशीच रीत होती' हे वाक्य आम्ही अनेकदा तोंडावर आणून गिळलं आहे.

मोमिनाला दुसऱ्या मोमिनाचा आरसा म्हटलं गेलं आहे. ही हदीस आम्ही वर्गात शिकवतो. अर्थ सांगताना मुलांना म्हणत असू, भावाची चूक त्याला एकांतात दाखवा, आरसा आरडाओरडा करत नाही. हा अर्थ चांगलाच आहे. पण आरशात बघणाऱ्याचा डोळा दरवेळी आधी स्वतःच्याच चेहऱ्यावर जातो, ही अडचण आम्हाला मास्तरकीत सुचली नव्हती. ती दुकानात हरताना कळली.

खेळात आम्ही आता थोडे सुधारलो आहोत. चावडी फारशी थांबत नाही, दगड विकायला शिकलो, घोडेस्वार दुसऱ्या मिनिटालाच पलीकडे धाडतो. पाचात एखादा डाव जिंकतो. डाव संपला की साठवलेला खेळ पूर्वी आमच्या बाजूनं लावत असू, आपलं काय चुकलं ते बघायला. आता त्याच्या बाजूनं लावायला सांगतो. तेव्हा पडद्यावर त्याला जेवढं दिसत होतं तेवढंच दिसतं, बाकी सगळा अंधार.

मागच्या आठवड्यात असाच लावला होता. नवव्या मिनिटाला त्याचा घोडेस्वार आमच्या गावाबाहेरच्या झाडीत उभा दिसला. आमचं शेत, लाकूडतोडे, अर्धवट बांधलेलं घर, सगळं त्याच्या उजेडात होतं. हल्ला नाही, काही नाही. कितीतरी वेळ तो तसाच उभा.

"इत्ती देर क्या देख रा था?"

"तेरेकुच देख रा था," तो म्हणाला आणि लॅपटॉप मिटला. सकाळच्या गाडीनं त्याला नांदेडला डिस्प्ले आणायला जायचं होतं.