पडलो न्हवं, बसलो

आजचा विषय जरा घरगुती आहे. ज्येष्ठांनी राग मानू नये, आणि बाहेरगावी असलेल्या मुलांनी शेवटपर्यंत वाचावं.

मागच्या महिन्यात निपाणीजवळ आमच्या आत्याकडं गेलो होतो. वय ऐंशीच्या पुढं, एकटीच राहते. मुलगा पुण्याला. त्यानं दिवाळीत आईच्या मनगटावर एक घड्याळ बांधलं. माणूस पडला की ते ओळखतं आणि मुलाच्या मोबाईलवर निरोप जातो.

चहा घेताना आत्याच्या कोपरावर निळा डाग दिसला. विचारलं तर हसली. "पडलो न्हवं, बसलो." मग हळूच खरं सांगितलं. न्हाणीच्या उंबऱ्यावर पाय घसरला होता. घड्याळ थरथरलं, पडलात का म्हणून विचारायला लागलं. आत्यानं मुलानंच शिकवलेलं 'मी ठीक आहे'चं बटण दाबलं. मग भिंत धरून उठायला तिला अर्धा तास लागला.

"दाबलं नसतं तर ह्यो रात्रीच गाडी घिऊन आला असता. आन् मला न्हेऊन ठेवलं असतं चौथ्या मजल्यावर. कुणाला सांगू नगंस."

झालं! आता प्रश्न माझा. सांगावं तर आत्याचा विश्वास जातो. गप्प बसावं, आणि उद्या ती परत पडली तर?

ही यंत्रं कशी चालतात तेही थोडं बघूया. आत एक बारीक भाग असतो, तो वेगातला बदल मोजतो. दुसरा हात कसा वळला ते बघतो. पडताना क्षणभर शरीर अधांतरी होतं, मग जोराचा दणका, मग हालचाल बंद. हा क्रम दिसला की घड्याळ ओळखतं. ॲपलनं २०१८ साली अशी सोय घड्याळात आणली. त्यात साधारण मिनिटभर हालचाल नाही दिसली तर घड्याळ आपणहून मदतीला फोन लावतं. पण भिंतीला टेकत टेकत हळूच खाली बसलेला माणूस अशा यंत्राच्या नजरेतून सुटू शकतो. उलट धुणं आपटताना कधी उगीच बोंब होते. आणि अंघोळीच्या वेळी घड्याळ काढून फळीवर ठेवलं, तर घसरायच्या जागीच ते हातात नसतं.

तरी ते टाकाऊ आहे असं मी म्हणणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं जगात दर वर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडल्यामुळं जातात, त्यात साठीच्या पुढच्यांचं प्रमाण सगळ्यात जास्त. पडण्याइतकंच वाईट असतं तसंच पडून राहणं. तासन् तास फरशीवर राहिलं की अंगातलं पाणी कमी होतं, दाबलेले स्नायू खराब होतात, त्याचा भार मूत्रपिंडावर येतो. आत्याचा तो अर्धा तास चार तासांचा झाला असता तर?

मग आत्या खोटं बोलली का? बोलली. पण तिला खोटं बोलायला कुणी लावलं, हेही बघायला पाहिजे. मुलाला आईची काळजी आहे, यात शंका नाही. पण घड्याळ बांधताना त्यानं 'आई, तुला हे चालेल का?' असं विचारलंच नव्हतं. एक गोष्ट दोघांच्याही मनात होती, कुणी बोललं नाही: पडलीस की घर सुटणार. ज्या निरोपाची शिक्षा घर सुटणं असते, तो निरोप कोण पाठवेल?

पुंडलिकाची गोष्ट आपल्या सगळ्यांना पाठ आहे. आईवडिलांची सेवा चालू होती म्हणून त्यानं देवालाच थांबायला सांगितलं, वीट सरकवली. आपण उलटं करतोय, आईवडिलांना थांबायला सांगून घड्याळ सरकवतोय. हे लिहिताना मीही त्यातलाच आहे. माझ्या आईच्या फोनला 'मीटिंगमध्ये आहे' म्हणून किती वेळा उत्तर दिलं असेन! पण पुण्याची नोकरी सोडून सगळ्यांनी गावाकडं या, हे सांगणंही खोटंच.

मी आत्याला म्हटलं, मी सांगणार नाही, तू सांग. पण आठ दिवसांत नाही सांगितलंस तर मी सांगीन, आणि सांगण्याआधी तुला फोन करीन. ती रुसली. जेवताना बोलली नाही.

सहाव्या दिवशी तिनं सांगितलं. मुलगा आधी चिडला, मग बराच वेळ गप्प बसला. शेवटी म्हणाला, 'तू स्वतः म्हणेस्तोवर तुला तिथनं हलवणार नाही.' त्याच आठवड्यात गवंडी बोलावून न्हाणीचा उंबरा काढला, भिंतीला धरायला लोखंडी दांडा बसवला. घड्याळातला पहिला नंबर आता शेजारच्या सूनबाईंचा आहे, कारण पुण्याहून यायला चार-पाच तास लागतात आणि त्या दोन मिनिटांत पोचतात. त्या कानडी, आत्याला 'अज्जी' म्हणतात. दुसरा नंबर मुलाचा. भिंतीवर मोठ्या अक्षरात ११२ आणि १०८ लिहून ठेवलंय.

अंघोळीला जाताना घड्याळ काढायचं नाही, हे मात्र आत्याला अजून पटलेलं नाही. "भिजलं तर?" म्हणते. पाण्यानं त्याला काही होत नाही, हे मुलानं फोनवरून तीनदा सांगितलंय. पुढच्या रविवारी तो येणार आहे, तेव्हा तिच्यासमोर तांब्यात बुडवून दाखवणार आहे.