मंद बुद्धी आणि व्याकूळ मन

शास्त्रपाठ : दानीएल 4:28-37, मार्क 5:1-20



आपल्या भाषेत 'वेडा' हा शब्द फार स्वस्त झाला आहे. दहा वर्षांचा होऊनही ज्याला वीसपर्यंत मोजता येत नाही तो मुलगा वेडा. समोर कोणी नसता जी कोणाशी तरी बोलत बसते ती शिकलेली स्त्रीही वेडी. आणि आई लाडाने ज्याला जवळ घेते ते लेकरूही वेडेच! लाडाचे सोडून देऊ. परंतु पहिल्या दोघांना एकाच शब्दात कोंबल्यामुळे त्या दोघांचेही नुकसान होते, आणि ते आपल्या मंडळ्यांतही होते.

कायद्याचीही पूर्वी हीच गत होती. इंग्रज अमदानीतील 1912 च्या लुनसी कायद्याने जन्मतः मंदबुद्धी असलेल्यास आणि मन बिघडलेल्यास एकाच व्याख्येत बसविले होते. मतिमंदत्व हा मनोविकार नव्हे, असा भेद 1987 च्या कायद्याने केला, म्हणजे त्यास 75 वर्षे लागली. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही तो भेद कायम ठेवला आहे.

बुद्धीची वाढ मंद असणे ही बाळपणापासूनची अवस्था होय. असे मूल हळू शिकते, पण शिकते. त्याला औषधाची बाटली नव्हे, तर शिकविणारा धीराचा माणूस हवा असतो. मनाचा आजार निराळा. तो बहुधा चांगल्या वाढलेल्या बुद्धीवर येतो, पुष्कळदा ऐन तारुण्यात येतो. नसलेले आवाज ऐकू येतात, जवळचे लोक वैरी वाटतात, अथवा जगण्याची इच्छाच विझते. उपचाराने तो उतरतो, कधी परतूनही येतो. मंदबुद्धी माणसासही असा आजार होऊ शकतो, ही गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. कारण "तो पहिल्यापासून असाच" असे म्हणून घरचे लोक त्याच्या दुखण्याकडे पाहतच नाहीत.

पवित्र शास्त्र या बाबतीत आपल्यापेक्षा सावध आहे. नबुखद्नेस्सर राजा काही बुद्धीने उणा नव्हता. बाबेल उभारणाऱ्या त्या माणसाचे भान हरपले, तो गुरांसारखा गवत खाऊ लागला. आणि नेमलेला काळ संपल्यावर त्याची बुद्धी त्याला परत मिळाली. जी परत मिळाली ती मुळात होतीच. पौलाचे भाषण ऐकून फेस्ताने त्याला वेडा ठरविले, तेही अज्ञानाबद्दल नव्हे, अति विद्येबद्दल! नीतिसूत्रांतील मूर्ख तर या दोघांहून तिसराच. तीन हजार मेंढरांचा धनी नाबाल हिशेबात कच्चा नव्हता. त्याचे मूर्खपण त्याच्या कठोर अंतःकरणात होते. तेव्हा ती वचने मंदबुद्धी लेकरावर लावणे हा त्या लेकरावर अन्याय आहे, आणि वचनांवरही.

येथे कोणी म्हणेल, गरसेकरांच्या प्रांतातील तो मनुष्य भूतग्रस्तच होता ना? होय, शुभवर्तमान तसे सांगते. परंतु मत्तयाच्या चौथ्या अध्यायात प्रभूकडे आणलेल्यांची यादी पाहा. तेथे भूतग्रस्त निराळे, फेफरेकरी निराळे, पक्षघाती निराळे. प्रभूने सर्वांस बरे केले, पण सर्वांस एकच नाव दिले नाही. आणि कबरांत राहणाऱ्या त्या माणसाला गावाने बेड्या घातल्या होत्या. प्रभूने त्याला नाव विचारले. तो शुद्धीवर आल्यावर प्रभूने त्याला त्याच्या घरी, त्याच्या लोकांकडे धाडले, आणि दकापलीसमध्ये तो साक्षी झाला.

डॉ. स्टॅन्ली जोन्स हे नाव आपणांपैकी पुष्कळांच्या परिचयाचे असेल. 1907 साली ते हिंदुस्थानात आले. साडेआठ वर्षांच्या सेवेनंतर त्यांचे मन व शरीर खचले. स्वदेशी विश्रांती घेऊन परतल्यावर ते पुन्हा कोसळले. लखनौ येथे प्रार्थनेत आपल्याला नवी शक्ती मिळाली, अशी त्यांची साक्ष आहे. अशा साक्षीचा मनुष्य औषधोपचाराला अविश्वास म्हणेल, असे आपणांस वाटेल. त्यांनी तर 1950 साली त्याच लखनौमध्ये नूर मंझिल हे मानसोपचार केंद्र स्थापन केले.

हे मला ठाऊक होते, आणि तरीही मी चुकलो. मी पाळक असलेल्या एका मंडळीत एक तरुणी होती. पदवी परीक्षेत पहिल्या वर्गात आलेली. तिला आवाज ऐकू येऊ लागले. डॉक्टरांच्या गोळ्यांनी तिला उतार पडला होता. बाहेरून आलेल्या एका प्रार्थनागटाने तिच्या आईला सांगितले की, गोळ्या घेणे म्हणजे देवावर अविश्वास. आईने मला विचारले, "पाळकसाहेब, बंद करू का?" मी म्हणालो, "बाई, आपण प्रार्थना करू." त्या उत्तरात 'नाही' हा शब्द नव्हता. तीन आठवड्यांनी ती मुलगी मध्यरात्री घराबाहेर पडली आणि दोन दिवसांनी दूरच्या स्थानकावर सापडली.

त्याच मंडळीत तिशीचा एक मनुष्य होता. दर रविवारी तो गीतांची पुस्तके बाकांवर मांडी, एकही बाक चुकत नसे. पोरे त्याला वेडा म्हणत. त्याचे दृढीकरण झाले नव्हते, कारण पंचांच्या मते त्याला प्रभुभोजनाचा अर्थ कळत नव्हता. त्या मुलीला मात्र सर्व कळत होते. तिला लोक लहान मुलाशी बोलावे तसे बोलत, आणि तिच्यादेखत तिच्याविषयी आईला विचारीत.

ती सापडल्यावर मी तिच्या आईबरोबर दवाखान्यात गेलो आणि डॉक्टरांसमोर माझी चूक कबूल केली. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. आता प्रार्थनेसाठी मी त्यांच्या घरी जाई तेव्हा, आज गोळी घेतली का, हे आधी विचारी, आणि ते तिलाच विचारी. सुमारे वर्षाने ती शब्बाथशाळेत शिकवू लागली.

पंचांच्या सभेत त्या दुसऱ्या माणसाचा विषय मी पुन्हा काढला. "त्याला अर्थ कळतो का?" असे एका पंचाने विचारले. मी म्हटले, "आपणांस पूर्ण कळला आहे काय?" सभा बराच वेळ गप्प होती. पुनरुत्थानाच्या सणाला तो सर्वांबरोबर पुढे आला, दोन्ही हात पसरून भाकर घेतली, आणि जागेवर परतताना शेजारच्या म्हातारबाईंना हळूच म्हणाला, "मलापण दिली."