देवराई : मालकी देवाची, राखण कोणाची?

सह्याद्रीच्या कुशीतील अनेक ग्रामदैवतांची स्थाने आजही देवराईत आहेत. दक्षिण कोकणात तिला देवरहाटी म्हणतात. शेंदूरचर्चित पाषाण, सभोवती ऐन, किंजळ, जांभूळ, सातवीण यांचे पुरातन वृक्ष आणि त्यांना वेढून गेलेली गारंबीची अजस्र वेल, असे तिचे रूप. महाराष्ट्रात अशा अडीच हजारांहून अधिक देवरायांची नोंद अभ्यासकांनी केली आहे. येथील वाळलेली काटकीही घरी नेऊ नये, असा पूर्वापार दंडक आहे. वृक्ष देवाचे, ते तोडणे ही देवाची चोरी आणि तिचे शासन देवच करील, ही श्रद्धा.

भयाने पाळलेल्या अशा नियमास धर्म म्हणावे काय, असा प्रश्न सुशिक्षित मंडळी विचारतात. परंतु याहून अवघड प्रश्न दुसराच आहे. देवाच्या नावाने स्वतःसाठी घेणाऱ्यास हा दंडक अडवितो. देवासाठीच घेणाऱ्याचे काय? कित्येक ग्रामदैवतांना छप्पर चालत नाही, अशी समजूत होती. पुढे गावची मंडळी मुंबईत स्थिरावली, हाती पैसा आला आणि उघड्यावरील देवास मंदिर असावे, ही भावना बळावली. सभामंडप आला, वाहनतळ आला, आणि निधी अपुरा पडला तेव्हा काही ठिकाणी राईतील झाडेच विकली गेली. यात कोणाच्याही मनी पाप नव्हते. चोराला देवाचे भय वाटते, भक्ताला ते कसे वाटणार?

कोकणात अशा प्रसंगी देवाला कौल लावण्याची प्रथा आहे. मात्र कौल विचारलेल्या प्रश्नालाच मिळतो. ‘मंदिर बांधावे काय?’ असे विचारले जाते. ‘त्यासाठी राई तोडावी काय?’ हे विचारावयाचे राहून जाते.

हा दुसरा प्रश्न विचारणारे ग्रामस्थही होऊन गेले. डॉ. माधव गाडगीळ व डॉ. वा. द. वर्तक हे १९७०च्या दशकात देवरायांचा अभ्यास करीत असता श्रीवर्धन तालुक्यातील गाणी गावची काळकाईची राई तोडीसाठी निश्चित झाली होती. गावाला पाणी देणारा ओढा त्याच राईतून वाहत होता. ग्रामस्थांनी अभ्यासकांना गाठले, वन खात्याकडे दाद मागितली आणि तोड थांबली. त्यांच्या लेखी काळकाईचा मान आणि ओढ्याचे पाणी या दोन गोष्टी वेगळ्या नव्हत्या.

त्यानंतर कायद्याचे पाठबळ वाढले आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात २००२च्या दुरुस्तीने सामूहिक राखीव क्षेत्राची तरतूद आली. २००६च्या वनहक्क कायद्याने गावाच्या सामूहिक वनाचे रक्षण करण्याचा अधिकार ग्रामसभेस दिला. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावास २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर वनावर हा हक्क मिळाला; तेथील निर्णय सर्वसहमतीने होतात. १८ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातील ओरणांच्या, म्हणजे तेथील देवरायांच्या, सर्वेक्षणाचा व नोंदीचा आदेश दिला. या नोंदीचे महत्त्व आपल्याकडेही तेवढेच आहे, कारण देवरायांच्या सातबाऱ्यावर कोठे महसूल खाते, कोठे वन खाते, तर कोठे खाजगी नावे आढळतात. देवाची म्हणून गावाने राखलेली जमीन कागदावर भलत्याचीच निघते.

तरीही कायदा मुख्यतः बाहेरच्यास अडवितो. गावानेच देवकार्यासाठी कुऱ्हाड उचलली, तर तक्रार करणार कोण? येथे ग्रामसभेचे मोल कौलाहून कमी नाही, कारण तेथे विचारावयाचा राहिलेला प्रश्न एखादी म्हातारीही उठून विचारू शकते. आपल्या गावी जीर्णोद्धारासाठी देणगी देणाऱ्या भाविकांनाही तो अधिकार आहे. अंदाजपत्रकात दगड, सिमेंट व लोखंड यांची परिमाणे लिहिलेली असतात. राईतील किती झाडे जाणार आणि चैत्रात ओढ्याला पाणी किती असते, हे त्याच कागदावर लिहून मागता येते.