अंतर आणि सेतू

१५ जानेवारी २०२२ रोजी टोंगा या द्वीपराज्यालगतचा सागरी ज्वालामुखी फुटला, आणि फिजीतील सुवापासून टोंगाच्या नुकुआलोफा राजधानीपर्यंत ८२७ किलोमीटर समुद्रतळावर अंथरलेली, २०१३ साली सुरू झालेली केबल तुटून सुमारे एक लाख वस्तीचे ते राष्ट्र जगाच्या वार्तेला पारखे झाले. दुरुस्तीचे जहाज येऊन तार पुन्हा सांधली जाईपर्यंत पाच आठवडे लोटले. तोवर उपग्रहाच्या तुटपुंज्या आधारावर निभावावे लागले. न्यूझीलंडात रोजगारासाठी गेलेल्या मुलाचे आईशी असलेले नाते या काळात तुटले असे कोणी म्हणणार नाही. परंतु ते अक्षत राहिले असे म्हणतानाही जीभ अडखळते.

टोंगन भाषेत 'वा' असा एक शब्द आहे. दोघांच्या मधला अवकाश, आणि तोच त्या दोघांना जोडणारा, असा त्याचा दुहेरी आशय असून, या अवकाशाची निगा राखण्याच्या कर्तव्यास 'तौही वा' म्हणतात. आपल्याकडे 'अंतर देऊ नको' ही व्याकुळ जिवाची विनवणी; तिकडे अंतर सांभाळणे हाच आप्तधर्म! (अंतर म्हणजे मनही, हे मात्र आपली मराठी अजून विसरलेली नाही.) सुवा येथील विद्यापीठात अध्यापन केलेले टोंगन वंशाचे विचारवंत एपेली हाउओफा यांनी १९९३ साली, समुद्र हा बेटांना एकमेकांपासून दूर करणारा नसून त्यांचे सामायिक घर आहे, असा जो पक्ष मांडला, त्याच्या मुळाशी हीच दृष्टी असावी असे मला वाटते.

छांदोग्य उपनिषदाच्या आठव्या अध्यायात आत्म्याला सेतू म्हटले आहे, ते लोकांची परस्परांत सरमिसळ होऊ नये म्हणून त्यांना धरून ठेवणारा या अर्थाने; म्हणजे तेथील सेतू पुलापेक्षा शेताच्या बांधाला जवळचा. बांध दोन वावरे वेगळी राखतो, आणि एका वावरातून दुसऱ्यात जाणारी पायवाटही त्याच्याच माथ्यावरून जाते. दोन किनारे एकरूप झाले असते तर तारेला प्रयोजनच उरले नसते. अद्वैताच्या ओढीने आपण हे द्वैत फार लवकर निकालात काढतो, अशी माझी तक्रार आहे.

आता एक गोष्ट दप्तरी नोंदवावयाची राहिली. फिजीशी जोडणारी तार पाच आठवड्यांत सांधली गेली. वावाऊ, हापाई या टोंगाच्या स्वतःच्याच बेटांकडे जाणारी अंतर्गत तार मात्र त्यानंतरही वर्षाहून अधिक काळ समुद्रतळाशी निर्जीव पडून होती.