उरलेल्या गोळ्या

मसोलीतील आमच्या खोलीत काही वर्षे एक पत्र्याचा डबा होता. घराघरांतून उरलेल्या गोळ्यांची अर्धवट पाकिटे आम्ही त्यात जमवीत असू. चिकूच्या वाडीतला एखादा मजूर खोकत दारी आला, की अमॉक्सिसिलिनच्या चार गोळ्या त्याच्या हातावर ठेवायच्या आणि परोपकाराच्या समाधानात झोपी जायचे! खोकला जंतूंमुळे आहे की विषाणूंमुळे, हे ना त्याला ठाऊक, ना आम्हांला.

पुढे पेनिसिलिनचे संशोधक अलेक्झांडर फ्लेमिंग यांचे १९४५ सालचे नोबेल व्याख्यान वाचनात आले. त्यात त्यांनी एक काल्पनिक गृहस्थ उभा केला आहे. घसा दुखतो म्हणून तो स्वतःच्या मनाने थोडे पेनिसिलिन घेतो. जंतू मरत नाहीत, उलट औषधाला तोंड द्यायला शिकतात. तेच पत्नीला लागतात, तिला न्यूमोनिया होतो, पेनिसिलिन निष्प्रभ ठरते व ती मरते. फ्लेमिंग त्या पतीला दोषी धरतात.

त्या गृहस्थाचा बळी निदान घरातला होता. आमचा कोण? विषाणूजन्य न्यूमोनियावर प्रतिजैविक चालतच नाही. मायकोप्लाझ्माला पेशीभित्तिका नसल्याने पेनिसिलिनच्या कुळातली औषधे त्याच्यापुढे व्यर्थ. घरीदारी जडणाऱ्या न्यूमोकोकसच्या न्यूमोनियावर जुनी औषधे अजून पुष्कळदा लागू पडतात. परंतु अतिदक्षता विभागात, श्वसनयंत्रावरील रुग्णाला क्लेबसिएला वा अ‍ॅसिनेटोबॅक्टर यांनी गाठले, की कार्बापेनेमसारखी राखीव औषधेही अनेकदा हरतात. मग मूत्रपिंडाला इजा करू शकणाऱ्या कोलिस्टिनकडे वळावे लागते. गोळी खोकल्यासाठी गिळली तरी ती आतड्यातील जंतूंपर्यंतही पोहोचते. त्यांतले चिवट तेवढे उरतात, वाढतात आणि प्रतिकाराची युक्ती परजातीच्या जंतूंनाही देतात. आमच्या डब्यापासून त्या अनोळखी खाटेपर्यंत वाट आहे, ती अशी.

सेमिनरीत आम्ही शिकलो होतो, की पूर्ण जाणीव व पूर्ण संमती यांवाचून गंभीर पाप घडत नाही. मजुराला ती जाणीव कोठून असणार? आमचे अज्ञान मात्र टाळता येण्याजोगे होते. वैद्यांना एकदा विचारले असते, तरी पुरे होते. देण्याचा आनंद हवा होता, म्हणून विचारले नाही.

डबा रिकामा केला. पुढच्याच आठवड्यात एकजण खोकत आला. त्याला घेऊन आम्ही सरकारी रुग्णालयाच्या रांगेत उभे राहिलो. दुपार टळली, तपासणी झाली. प्रतिजैविकाची गरज नव्हती. परतताना तो एवढेच म्हणाला, “फादर, आजची मजुरी गेली.”