सरळपणाची चाचणी

रेडिओनं चालणारं छोटं विमान सरळ उडतं का, हे पाहायची रीत मोठी नामी आहे. वारा पडलेला असताना मोकळ्या रानावर विमान उंच न्यायचं आणि दांडीवरची बोटं काढून घ्यायची. डावीकडे झुकलं, तर ट्रिमची कळ किंचित उजवीकडे. पुन्हा बोटं काढायची. दांडी धरून काय, कुठलंही विमान सरळ जाईल. सोडल्यावर गेलं तर खरं!

माणसांचंही तेच. आमच्या जुन्नर तालुक्यात नाणेघाटाच्या माथ्यावर दगडी रांजण आहे. सातवाहनकाळी व्यापारी त्यात जकात टाकत, असं सांगतात. मी पडलो बँकेतला कारकून. मला शंका आली, रांजणाशेजारी कोण बसत असे? कोणीतरी असणारच!

मग पहाऱ्यात भरलेली जकात प्रामाणिक म्हणायची का? माझ्या मते, अर्धी. उरलेली अर्धी विमानाच्या नाकात आहे. फिरत्या पंख्यामुळे विमान डावीकडे ओढ घेतं, म्हणून इंजिन पुष्कळदा मुळातच दोनतीन अंश उजवीकडे वाकडं बसवतात. जन्मजात सरळ यंत्रही नसतं हो! आपली ओढ कुठे, हे ओळखून आधीच उलटीकडे जरा कलून बसायचं. आम्ही कॉमर्सवाले याला ‘तरतूद’ म्हणतो.